शिकवलेलं लेकरांपर्यंत पोचलं का, हे तासातच कसं ओळखायचं?

खडूधूळ (धागाकर्ता)

चांगला शिक्षक म्हटलं की चर्चा तळमळ, जिव्हाळा, समर्पण या वळणावर जाते आणि तिथंच बसून राहते. ते सगळं मान्य. पण नव्यानं लागलेल्या शिक्षणसेवकाला ३५ मिनिटांच्या तासात पहिल्या मिनिटाला काय करायचं, हे तळमळ सांगत नाही. म्हणून हा धागा. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या आणि खाजगी अनुदानित शाळा डोळ्यांपुढं ठेवून लिहावं. फक्त कृती, आणि ती कुठं फसते ते. आठवणी आणि सत्कार नकोत, त्यांना दुसरे धागे आहेत.

सुरुवात करतो. "समजलं का?" हा वर्गातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न. त्याचं उत्तर "होऽऽ" असंच येतं, आणि ते पुढच्या चारपाच जणांचं असतं. त्याऐवजी पाटी वापरा. पाचवीच्या वर करड्या पाट्या नसतात, तिथं वहीचं शेवटचं पान चालतं.

एकाच शब्दाचं किंवा एकाच संख्येचं उत्तर येईल असा प्रश्न विचारायचा. लिहायला अर्धा मिनिट. लिहून झालं की पाटी मांडीवर पालथी. "दाखवा" म्हटल्यावर सगळ्या पाट्या एकदम वर. आपण डावीकडून उजवीकडं एकदा नजर फिरवायची, दहा सेकंद पुरतात. चाळीसच्या वर्गात सातआठ चुकले असतील तर पुढं जा आणि त्यांना स्वाध्यायाच्या वेळी जवळ बोलवा. पंधरा चुकले असतील तर थांबा, आणि तेच वाक्य मोठ्या आवाजात पुन्हा म्हणू नका, उदाहरण बदला. बरॅक रोझेनशाईन या अमेरिकी अभ्यासकानं २०१० साली काढलेल्या टिपणात सरावाच्या वेळी साधारण ८० टक्के उत्तरं बरोबर येत असावीत असं म्हटलंय. आकडा तिकडचा असला तरी आपल्या वर्गाला बरोबर बसतो.

फसतं कुठं? पाट्या एकेक करून वर आल्या की मागचे पुढच्यांचं बघून लिहितात. हो-नाही छाप प्रश्न असला तर निम्मे नुसत्या अंदाजानं बरोबर येतात. आणि चुकलेल्या पाटीकडं बघून वर्ग एकदा जरी हसला, की दुसऱ्या दिवशी दहा पाट्या कोऱ्या येतात.

बालाघाट

पाटीच्या जोडीला प्रश्न विचारण्याचा क्रम. नाव आधी घेतलं की बाकीचे एकोणचाळीस सुटले. म्हणून आधी प्रश्न, मग गप्प, मग नाव. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. मेरी बड रो या संशोधक बाईंनी सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांत मोजून पाहिलं तर प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबली आणि गप्प बसणाऱ्यांचं प्रमाण घटलं. आपल्याकडं तीन सेकंद शांतता झाली की शिक्षकालाच ओशाळल्यासारखं होतं आणि तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. मनात एक-दोन-तीन-चार मोजा, काही बिघडत नाही.

तुराटी

पाटीवर कोणता प्रश्न द्यायचा, यावर निम्मं यश आहे. चूक उत्तर आपल्याला काही सांगून गेलं पाहिजे.

दुसरी-तिसरीला ५२ − २७ द्या. २५ आलं तर ठीक. ३५ आलं तर लेकरू एककात २ मधून ७ जात नाहीत म्हणून उलटे ७ मधून २ काढायलंय. ७९ आलं तर त्यानं चिन्हच बघितलं नाही. दोन्ही चुका, पण औषध वेगळं. पहिल्याला दशक सोडणं पुन्हा शिकवायचं, दुसऱ्याला चिन्हाभोवती गोल करायची सवय लावायची. ४८ − २३ सारखं उदाहरण दिलं तर मात्र यातला पहिला गडी सापडतच नाही. त्याचं उत्तर बरोबर येतं आणि आपण खूश.

दुसरी जागा संख्यावाचनाची. "एकवीस" ऐकून १२ लिहिणारं लेकरू मठ्ठ नसतं. आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, ते ऐकल्या क्रमानं लिहितंय. "एकोणतीस" ला ३९ लिहिणारे तर पहिली-दुसरीत हमखास, कारण कानाला "तीस" ऐकू येतं. एकोणचाळीसला ४९, एकोणपन्नासला ५९, हीच गत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक" असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. कोणती पद्धत चांगली हा वाद बाजूला ठेवा, अडचण खरी आहे. २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९ या सहा संख्या वेगळ्या काढून रोज दोन मिनिटं श्रुतलेखन घ्या. ८९ आणि ९९ ला हा त्रास नाही, कारण आपण "नव्याऐंशी" आणि "नव्व्याण्णव" म्हणतो.

साहित्य विकत आणायची गरज नाही. तुरी झोडपल्या की तुराट्या गावात ढीगभर. बोटाएवढे तुकडे, म्हणजे साधारण चार इंच. जोडीमागं ९ गठ्ठे दहादहाचे आणि ९ सुट्या, म्हणजे ९९ काड्या. वीस जोड्यांना दोन हजाराच्या आसपास लागतात. टोकं जमिनीवर घासून घ्या, नाहीतर हातात सल जाते. रबरबँड उन्हाळ्यात चिकट होऊन तुटतात, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापल्या तर वर्षं निघतात.

५२ − २७ काड्यांवर: पाच गठ्ठे, दोन सुट्या. सात सुट्या मागितल्या, नाहीत. एक गठ्ठा लेकरानं स्वतः सोडायचा. चार गठ्ठे, बारा सुट्या. सात काढल्या, पाच राहिल्या. दोन गठ्ठे काढले, दोन राहिले. हे हातानं झालं की त्याच दिवशी वहीत उभ्या रेघा आणि टिंबं काढून, आणि मगच अंकांत. मधला चित्राचा टप्पा बरेच जण गाळतात. मग काड्या असल्या की उत्तर येतं आणि काड्या उचलल्या की पुन्हा ३५. दुसरा घोटाळा म्हणजे शिक्षकच टेबलावर काड्या मोजून दाखवतो. ती जादू झाली, शिकणं नाही.

दोनखोल्या

सगळं छान वाटायलंय वाचायला. आमच्याकडं पहिली ते चौथी, पटावर लेकरं ४७, मास्तर दोन. त्यातला एक केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीला नाहीतर ऑनलाइन माहिती भरायला. राहिलेल्यानं चार वर्गांना एकदम "पाटी दाखवा" म्हणायचं का? कोणता प्रश्न विचारून?

बालाघाट

@दोनखोल्या, रास्त प्रश्न. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला साठ पटापर्यंत दोनच शिक्षक, त्यामुळं हे चित्र मराठवाड्यातल्या वाडी-तांड्यांवर नेहमीचंच राहणार आहे. बहुवर्गाचं गणित वेगळं आहे.

भाषा आणि गणितापुरत्या इयत्ता मोडा आणि पातळीनं बसवा. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेची वाचनपातळी तपासायची पद्धत सोपी आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एका लेकराला तीनचार मिनिटं. चार इयत्तांचे बहुधा तीनच गट होतात, आणि चौथीतलं एखादं शब्दाच्या गटात सापडतं. त्याला दुसरीच्या लेकरांसोबत बसायची लाज वाटू नये म्हणून गटांना इयत्तेची नावं देऊ नका. गोदावरी, मांजरा, दुधना, काहीही चालेल.

एका गटाला १५ मिनिटं शिकवताना उरलेल्या दोघांना नवीन काम द्यायचं नाही. हा नियम मोडला की सगळं कोसळतं. आधी शिकवलेल्याचाच सराव द्या. फळ्यावर कामं दोन लिहा, "पहिलं झालं की दुसरं". एकच काम दिलं तर हुशार लेकरं पाच मिनिटांत उठतात आणि गोंगाट तिथून सुरू होतो. उत्तरांचा कागद उलटा करून गटात ठेवा, झालं की त्यांचं त्यांनी तपासायचं. अडलं तर आधी शेजारी, मग गटप्रमुख, मग सर. हा क्रम पहिला आठवडाभर नुसता सरावानं अंगवळणी पाडा, त्या आठवड्यात अभ्यासक्रम मागं पडला तरी पडू द्या.

आणि बसवताना गटांच्या पाठी एकमेकांकडं. भिंतीला खाली रंगवलेले फळे असतील तर प्रत्येक गटाचं तोंड आपापल्या फळ्याकडं होतं. पाटी वर करायची ती फक्त शिकवता त्या गटानं.

सीमावर्ती

देगलूर-बिलोली पट्ट्यात घरची भाषा तेलुगू, उमरगा-निलंग्याकडं कन्नड, तांड्यावर गोरमाटी (बंजारा बोली), शहरी वस्तीत उर्दू. पहिलीतलं लेकरू गप्प बसतं तेव्हा त्याला येत नाही असं धरलं जातं. पुष्कळदा त्याला प्रश्नच कळलेला नसतो. तपासायची रीत: तोच प्रश्न चित्रावर बोट ठेवून किंवा वस्तू हातात देऊन विचारा. उत्तर आलं तर अडचण भाषेची.

पहिले दोन महिने उत्तर घरच्या भाषेत चालवून घ्या. तांड्यावरचं लेकरू भाकरीच्या चित्राला "बाटी" म्हणालं तर फळ्यावर दोन्ही शब्द लिहा. आईला "याडी" म्हणालं तरी तेच. शिक्षकाला शंभर शब्द आले तरी पुरतात, आणि ते शिकवायला तिसरी-चौथीतली त्याच तांड्यावरची लेकरं तयारच असतात.

अक्षरं अ-आ-इ-ई अशी ओळीनं शिकवली की ज्ञ येईपर्यंत दिवाळी होते आणि तोवर एक शब्द वाचून होत नाही. क, म, ल, न आणि काना एवढ्यावर कान, नाक, माल, लाल, काम, कमल, माला होतात. पहिल्या पंधरवड्यात लेकरू शब्द वाचतं. भ आणि म, ध आणि घ, ब आणि व या जोड्या एकाच आठवड्यात घेऊ नका. पहिलं पक्कं झालं की मगच दुसरं. र ची रूपं (सूर्य, प्रकाश, ट्रक, सुऱ्या) सगळ्यात शेवटी, आणि एकेक सुटं.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेच्या लक्ष्यात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीअखेर किमान ६० शब्द समजून वाचणं आहे. मोजताना उतारा पुस्तकातला घेऊ नका. पाठ झालेला धडा लेकरं छताकडं बघत "वाचतात". शंका आली की ओळीतल्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवा. तिथं अडलं म्हणजे ते वाचन नव्हे, पाठांतर. मिनिट संपलं की उताऱ्यावर तीन तोंडी प्रश्न. वेग ७० आणि उत्तर एकही नाही, अशी लेकरं वरच्या आकड्यात बरोबर दिसतात म्हणून सुटतात.

गोदाकाठ

ऊसतोडीचं कोणी काढलं नाही अजून. बीड, धाराशिव, जालन्याच्या कितीतरी गावांत दिवाळीच्या आगंमागं लेकरं आईबापासोबत कारखान्यावर जातात ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. हंगामी वसतिगृह जिथं नीट चालतं तिथं काही राहतात, सगळी नाही.

वर्गापुरतं बोलायचं तर मासिक नियोजन पुढंमागं करा. वाचन, दशक-एकक, बेरीज-वजाबाकी जून ते ऑक्टोबर रेटून घ्यायची. आकृत्या, मापन, परिसरातले सुटे घटक नंतर ठेवायचे, ते चुकले तरी पुढचं अडत नाही. वजाबाकी चुकली तर भागाकार अडतो. जाताना प्रत्येकाची पातळी एका कार्डावर लिहून ठेवा. आल्यावर दहा मिनिटांची तोंडी चाचणी घेऊन कार्डाशी ताडा आणि तिथून उचला. वर्ग जिथं पोचलाय तिथं त्यांना बसवलं की ती मागच्या भिंतीला टेकतात आणि मे उजाडतो.

प्रयोगवही

माध्यमिकचं विज्ञान. इथं शेतकऱ्याची लेकरं रिकाम्या डोक्यानं येत नाहीत, चुकीचं पण पक्कं काहीतरी घेऊन येतात. "झाड अन्न कुठून घेतं?" विचारलं की उत्तर जमिनीतून, खतातून. युरिया टाकला की पीक काळंभोर होतं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं. त्यावर तुम्ही "हरितद्रव्य, सूर्यप्रकाश" लिहून दिलं की ते परीक्षेत उतरवतात आणि डोक्यात युरियाच राहतो.

म्हणून आधी अंदाज लिहून घ्या, नावासकट. मग व्हॅन हेल्माँट या जुन्या शास्त्रज्ञाचा प्रयोग सांगा, १६४८ साली छापलेला: कुंडात साधारण ९० किलो वाळवलेली माती, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप, पाच वर्षं नुसतं पाणी. झाड ७७ किलोच्या घरात गेलं. माती किती कमी झाली असेल? वर्गाचे अंदाज फळ्यावर घ्या. चाळीस किलो, साठ किलो, असे येतील. खरी घट साठ ग्रॅमसुद्धा नव्हती. आता प्रश्न वर्गाचा होतो: मग एवढं वजन आलं कुठून? हेल्माँट म्हणाला पाण्यातून, आणि तोही पुरता बरोबर नव्हता. इथं हवेतला कार्बन डायऑक्साइड आणा. आधी आणलात तर तो नुसता एक शब्द. खत मग अन्न नव्हे तर काय, हे त्याच तासात सांगून टाका, नाहीतर पोरं बापाला खत बंद करायला सांगतील.

पानातल्या स्टार्चची परीक्षा बहुतेक शाळांत फसते, त्याची कारणं ठरलेली. झाड आधी दोन दिवस अंधारात ठेवलेलं नसतं, त्यामुळं झाकलेला भागही निळा-काळा होतो. पानाचा हिरवा रंग पूर्ण उतरायच्या आत आयोडीन टाकलं जातं, मग काहीच दिसत नाही. स्पिरिटमधून काढलेलं पान कडक होतं, ते पुन्हा गरम पाण्यात बुडवून मऊ करायचं राहतं. क्रम असा: उकळत्या पाण्यात मिनिटभर, मग परीक्षानळीत स्पिरिट आणि ती नळी गरम पाण्याच्या चंचुपात्रात, पान पांढरट होईपर्यंत. मग गरम पाणी, मग आयोडीनचे थेंब. स्पिरिट कधीही थेट ज्योतीवर नाही, आणि नळी गरम पाण्यात ठेवायच्या आधी ज्योत विझवलेली. पातळ पानाचं झाड घ्या, जास्वंद चालते.

खडूधूळ

@प्रयोगवही, "अंदाज नावासकट" हे महत्त्वाचं. लिहून न घेतलेला अंदाज उत्तर कळल्यावर सगळ्यांचाच बरोबर असतो.

मांजरा

लातूरचं नाव अजून कसं आलं नाही! लातूर पॅटर्न म्हणजे चाचण्यांचा मारा, असं बाहेरचे म्हणतात. मारा सोडा, पण वारंवार आठवून लिहायला लावणं हा त्यातला खरा लागू पडणारा भाग आहे, आणि तो तिसरीतही चालतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन तऱ्हा ताडल्या: काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढं होते. आठवड्यानं आठवून लिहिणारे.

तासाला पाच मिनिटं: कालच्यावर दोन प्रश्न, मागच्या आठवड्यावर एक, मागच्या महिन्यावर एक. पुस्तक बंद. उत्तरं लगेच फळ्यावर, ज्याचं त्यानं तपासायचं. गुण नोंदवायचे नाहीत. नोंदवले की कॉपी सुरू होते आणि कोणाला काय येत नाही हे आपल्याला कळायचं बंद होतं. लातूरच्या नावानं निघालेल्या कित्येक शिकवण्यांत नेमकं हेच होतं: दर रविवारी पेपर, गुणांची यादी दारावर, आणि चुकलेल्या प्रश्नावर चर्चा शून्य. ती चाचणी नव्हे, नुसतं वजन करणं झालं.

दोनखोल्या

गट पातळीनं पाडायचं पटलं. वह्यांचं काय? तपासणीला आलेले साहेब लाल शेरे मोजतात.

तुराटी

साठ वह्या, वहीला दोन मिनिटं धरली तर दोन तास. रोज कोणाला जमणार? आणि प्रत्येक चूक दुरुस्त करून दिली तरी लेकरू फक्त खालची सही बघतं.

नुसतं वाचत जा, वहीला वीस सेकंद, म्हणजे वीस मिनिटांत साठ. तीन ढीग करा: जमलं, थोडं अडलं, मुळातच नाही. शेजारी एक कोरा कागद, त्यावर वारंवार दिसणाऱ्या चुका लिहून १, २, ३ असे क्रमांक द्या. वहीत चुकीपाशी फक्त तो क्रमांक, खाली तारीख आणि सही, लाल शाईत. साहेबांचं काम झालं. दुसऱ्या दिवशी त्या तीन चुका नाव न घेता फळ्यावर मांडा, ज्याच्या वहीत जो क्रमांक त्यानं ते उदाहरण पुन्हा सोडवायचं. पाच-सात मिनिटं लागतात. तिसरा ढीग मधल्या सुट्टीनंतर जवळ घ्या. त्यात पंधराहून जास्त वह्या निघाल्या तर त्या घटकाचं टाचण (शिकवण्याचं नियोजन) पुन्हा काढा, कारण मग ते वह्यांचं दुखणं नाही.

सीमावर्ती

+१. फक्त शुद्धलेखनाच्या चुकांना क्रमांक देताना एका वेळी एकच प्रकार घ्या. या आठवड्यात फक्त रफार, पुढच्या आठवड्यात ऱ्हस्व-दीर्घ. सगळं एकदम लाल केलं की दुसरी-तिसरीतली लेकरं चार ओळींच्या जागी दोनच लिहून आणतात.